न उतरलेले विमान

‘सर आयुष्यभर विमानांची अंतरे आणि वेळा सांगत राहिले. पण ज्या एका दिवशी त्यांच्या हिशोबाची कोणाला खरोखर गरज पडली, त्या दिवशी कुवेतहून मुंबईला येणारे चार तासांचे विमान त्यांनी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हवेत ठेवले, आणि शेवटपर्यंत ते त्यांना खाली उतरवता आले नाही. असे होते आमचे भाबडे पायलट सर.’

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत छापून आलेला हा मजकूर आहे. लिहिणारा शाळेचा माजी विद्यार्थी, आज नावाजलेला वकील. लेखाच्या डोक्यावर त्याचे छायाचित्र आहे आणि लेखाच्या मानाने ते बरेच मोठे आहे. ज्या दिवसाविषयी त्याने हे लिहिले, त्या दिवशी तो त्या घरात नव्हता, त्या गल्लीत नव्हता. मला आठवते त्याप्रमाणे तेव्हा तो पुण्यात शिकत होता. मी मात्र त्या खोलीत होतो. सकाळी गिरणीचा भोंगा झाल्यापासून दिवे लागेपर्यंत होतो. त्या खोलीतले बाकीचे सगळे आता गेले. तेव्हा या प्रकरणात कोणाला साक्षीला बोलवायचे असेल तर माणूस एकच उरला आहे, आणि तो पंच्याऐंशी वर्षांचा असून त्याला आता वाद घालण्याचा मनापासून कंटाळा आला आहे.

हा मजकूर खोडून काढण्याची ही काही माझी पहिली वेळ नव्हे. लग्नाच्या पंगतीत खोडला, पार्क मैदानाच्या कट्ट्यावर खोडला, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडे असताना खोडण्याचा प्रयत्न केला. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि पुढच्या खेपेला तीच गोष्ट आणखी चार माणसे हसवून सांगतात. म्हणून आता लिहितो आहे.

पायलट सर भूगोल शिकवत, मी संस्कृत. एकाच शाळेत आणि एकाच घरात भाडेकरू. घरमालक लिंगायत, चाटी गल्लीतले जुने कापड व्यापारी. खाली ते राहत आणि वरच्या मजल्यावर आम्ही दोघे. पुढच्या दोन खोल्यांत माझा संसार आणि मागच्या एका खोलीत ते एकटे. त्यांचे घर तसे शहराच्या पूर्व भागात होते, विणकरांचे, तेलुगू बोलणारे. आईवडील गेल्यावर भावांनी घरात माग वाढवले आणि हे तेथून निघाले. कारण विचारले तर सांगत, की मागांच्या खडखडाटात विमान ऐकू येत नाही.

हे त्यांनी विनोदाने सांगितले नव्हते. विनोद त्यांना कळत नसे. सोलापूरच्या आभाळातून फार उंचावरून एखादे विमान जाई, तेव्हा जेवत असले तरी हात तसाच उष्टा ठेवून ते गच्चीवर येत, डोळ्यांवर डावा हात धरून पाहत, ‘मद्रास’ असे एवढेच म्हणत आणि पुन्हा ताटावर जाऊन बसत. माझी पत्नी म्हणे, या माणसाला कोणीतरी एकदा मद्रासला पाठवा, म्हणजे निदान भात तरी गरम खाईल. ते मद्रासला गेले नाहीत. विमानात तर ते जन्मात बसले नाहीत, हे वकिलाने लिहिले आहे ते खरे आहे. जे खरे आहे ते मी नाकारत नाही.

शाळेतला मोडक्या बैठकीचा पृथ्वीगोल त्यांनी मुख्याध्यापकांच्या परवानगीने घरी आणला होता. दोन शहरांमधले अंतर ते त्यावर सूत धरून मोजत. सूतही साधे नव्हे. भावाच्या मागावरून आणलेले, खळ दिलेले उभ्या ताण्याचे सूत. खळ दिलेले सूत ओढले तरी वाढत नाही. साध्या दोऱ्याने मोजणाऱ्याला ते माणसात धरत नसत. ‘लोक दोरा ताणतात आणि मग विमान उशिरा आलं म्हणून ओरडतात,’ हे त्यांचे आवडते वाक्य. मोजताना ओठ हलत आणि आकडे तेलुगूत पडत: ओकटि, रेंडु, मूडु. मराठी शाळेत शिकलेला, मराठीत शिकवणारा माणूस, पण मोजायचे म्हटले की आईच्या भाषेत जाई.

भिंतीवरच्या सपाट नकाशाशी त्यांचे वैर होते. मुंबई ते टोकियो या हवाई मार्गावरून मुख्याध्यापकांशी झालेले त्यांचे भांडण शाळेत पुष्कळ दिवस गाजले. नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ ब्रह्मदेशाकडून जाते. गोलावर सूत धरले तर ते तिबेट आणि चीन ओलांडून जाते, आणि हाच मार्ग जवळचा. हे त्यांनी सिद्ध करून दाखवले. मुख्याध्यापक व्यवहारी होते. ते म्हणाले, तिबेटवरून कोणते विमान जाते ते दाखवा. सगळी बँकॉक, हाँगकाँग करतच जातात. यावर आमच्या गृहस्थांनी शांतपणे उत्तर दिले, ‘ती विमानांची चूक आहे, अंतराची नाही.’ मुख्याध्यापक बरोबर होते हे मला तेव्हाही दिसत होते. माझा स्नेही असह्य माणूस होता. त्याच्यासाठी भांडतो याचा अर्थ मी त्याचे देव्हारे माजवतो असा कोणी करू नये.

जमिनीवरची अंतरेही ते विमानाच्या वेळेतच सांगत. सोलापूरहून पॅसेंजरने जेऊरला जाईपर्यंत माणूस मुंबईहून मस्कतला उतरून चहा प्यायलेला असतो, असा त्यांचा हिशोब. आमचा शिपाई माळशिरसकडचा. तो त्यांना मुद्दाम डिवचायचा.

‘सर, मग आमचं वेळापूर कुटं येतंय म्हनायचं?’

‘मस्कतच्या थोडं पुढं.’

‘आन् माळशिरस?’

‘एसटी वेळेवर सुटली तर कुवेतच्या अलीकडं.’

‘मग म्हातारीला कुवेत दावायचं ऱ्हायलं न्हाय म्हना की. दर दिवाळीला जातोया आमी.’

सगळी शिक्षक-खोली हसली. ते हसले नाहीत. ‘एसटी थांबते ते सोडून सांगितलं मी,’ एवढी दुरुस्ती करून ते तासावर गेले.

सत्तरच्या दशकात आखाताची वाट मोकळी झाली आणि या विक्षिप्तपणाला अचानक गिऱ्हाईक मिळाले. आसपासच्या गल्ल्यांतली मुले, फिटर, सुतार, गवंडी, कुवेत आणि बहरीनला जाऊ लागली. त्यांच्या आया आणि बायका आमच्या जिन्यावर येऊन बसू लागल्या. कोणी तेलुगूत विचारी, कोणी दखनीत, कोणी कानडीत. मुलगा आता कुठे असेल, केव्हा उतरेल, एवढेच त्यांना हवे असे. सर प्रत्येकीसाठी सूत नव्याने धरीत. कालच मोजलेले अंतर आज कशाला मोजता, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, ‘काल दुसरीचा मुलगा होता.’

घड्याळांचा फरकही ते समजावून देत. कुवेतचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे चालते. ‘जाताना विमान लवकर पोचलं असं वाटतं, येताना उशिरा आलं असं वाटतं. दोन्ही खोटं. घड्याळं वेगळी, अंतर तेच,’ हे मी त्या जिन्यावर इतक्या वेळा ऐकले की मला ते अमरकोशासारखे पाठ झाले. एका म्हातारीला तेही कळेना, तेव्हा तिला त्यांनी सांगितले, ‘आजी, तो तिथं जेवायला बसला की तुमचा इथं दुपारचा चहा झालेला असतो.’ त्या दिवसापासून म्हातारी मुलाच्या नावाने दुपारचा चहा थोडा उशिरा घेऊ लागली.

जिन्यावरची ती बसणारी माणसे हे त्यांच्या आयुष्यातले एकमेव वैभव होते. शाळेत त्यांची टर उडे, भावांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखे केले होते. पण विमानाच्या वेळेच्या बाबतीत या माणसाचा शब्द चुकत नाही, ही ख्याती जिन्यावर होती. तेवढ्यावर ते ताठ चालत.

आता तो दिवस.

घरमालकांचा एकुलता एक मुलगा कुवेतला एका कंपनीत हिशेबनीस होता. मालक अंथरुणाला खिळले. नेहमीच्या डॉक्टरांनी अंगणात येऊन हळू आवाजात सांगितले, की आजचा दिवस काढतील असे वाटत नाही. मुलाला तार गेली होती, उत्तर नव्हते. अक्कलकोटला दिलेली मुलगी आणि जावई आले होते. कपाळावर विभूती, छातीवर इष्टलिंग, डोळे दाराकडे, असे मालक पडून होते. पाय बधिर झाले होते, पण बुद्धी लख्ख होती, आणि तीच सर्वांना अवघड जात होती.

सकाळी आम्ही दोघे खाली गेलो तेव्हा मालकांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी भूगोलाच्या मास्तरांना जवळ बोलावले.

‘मास्तर, निघाला का तो?’

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांनी दाराकडे लागलेले मालकांचे डोळे पाहिले. मग म्हणाले, ‘निघाला, मालक.’

मुलीने चमकून पाहिले. बहुधा तार आली असावी आणि मास्तरांनाच आधी कळली असावी, असे तिने धरले. मास्तरांनी भिंतीला टेकून बसकण मारली आणि तेथून ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. शाळेला त्यांनी त्या दिवशी सांगावाही धाडला नाही. बावीस वर्षांत असे प्रथमच घडले.

मालकांना अधूनमधून ग्लानी येई. जाग आली की ते कानडीत विचारत, ‘एल्लिगे बंद?’ कुठवर आला? आणि मास्तर सांगत. आखातावर आहे, मालक; बहरीन उजव्या हाताला राहिलं. पुन्हा डोळा लागे. पुन्हा तोच प्रश्न. इराणचा किनारा डावीकडे दिसतो आहे. डोंगर आहेत, नुसते उघडे, आपल्या तुळजापूर घाटासारखे. मालक विचारत, जेवायला देतात का? देतात, मालक; भात आहे, दही आहे. मालक समाधानाने डोळे मिटत. मुलीने तोंडात पाणी घातले, तर म्हणाले, ‘त्याला पण तहान लागली असंल.’

दुपार झाली. चार तास केव्हाच उलटून गेले होते. जावई माझ्या कानाशी लागून म्हणाला, अहो, हे विमान एव्हाना उतरून मुंबईहून परत फिरलं असतं. मुलीनेही एकदा धीर करून विचारले, ‘सर, इतका वेळ?’

‘समोरून वारा आहे,’ ते म्हणाले.

वाऱ्यावर तासभर गेला. मग विमान मस्कतजवळ वळसा घेऊ लागले. मग ढगांसाठी खाली आले आणि पुन्हा वर गेले. ज्या माणसाने खळ न दिलेल्या सुतावर कधी विश्वास ठेवला नाही, तो माझ्या डोळ्यांसमोर तो एवढासा समुद्र ताणत होता. आणि तरी, हे मी शपथेवर सांगतो, एकही गाव चुकले नाही, एकही किनारा उजवीकडचा डावीकडे झाला नाही. मालकांच्या छातीचा भाता मंदावत गेला, तसे विमानही मंदावले.

दिवे लागले. मालकांनी फार दिवसांनी स्पष्ट आवाजात विचारले, ‘मास्तर, एल्लिगे बंद?’

‘समुद्रावर आहे, मालक. आता किनारा दिसायला लागला.’

‘ईगा बरताने,’ मालक म्हणाले. आता येतो. त्यानंतर ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून समाधी दिली. मुलासाठी थांबण्याविषयी मठातल्या स्वामींनी विचारले, तेव्हा मास्तरांनी मान हलवून नको म्हटले. मुलगा शुक्रवारी सकाळी मुंबईच्या गाडीने आला. गुरुवारच्या विमानाने निघालो, असे त्याने सांगितले. मग बहिणीकडून त्याला सगळे कळले, आणि तो भरल्या अंगणात मास्तरांसमोर उभा राहिला.

‘मी त्या दिवशी निघालो, असं तुम्हाला कुणी सांगितलं?’

मुलगी दारात होती. वडील शांतपणे गेले, भाऊ येतोच आहे असे समजून गेले, हे गेले तीन दिवस ती येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होती आणि तेवढ्यावर उभी होती. मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिले.

‘हिशोब चुकला माझा,’ ते म्हणाले. ‘दिवस चुकला, घड्याळाचा फरकही चुकला. म्हातारपण.’

ते तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.

या एका वाक्यावर पुढची सगळी दंतकथा उभी आहे. त्यांनी स्वतःच कबूल केले, मग तुम्ही कोण, असे मला विचारतात. आठवड्याभरात गोष्ट गल्लीत फिरली. जिन्यावर येणाऱ्या बाया कमी झाल्या आणि मग येईनाशा झाल्या. ज्याचे विमान दिवसभर उतरत नाही त्याला कोण विचारील? म्हातारीने चहा पुन्हा तिच्या वेळेला घ्यायला सुरुवात केली. शिक्षक-खोलीत ‘पायलट, उतरलं का?’ हा रोजचा रामराम झाला. ते खडू उचलून तासावर जात. निवृत्तीपर्यंत भूगोल शिकवला, पण आभाळात विमान आले तरी जेवणावरून उठले नाहीत. भात गरम खाऊ लागले. माझी पत्नी त्या भाताकडे पाहून एकदा डोळे पुसत आत गेली.

आता पाठभेद पाहू. घड्याळातला फरक विसरले, असा मुख्याध्यापकांचा पक्ष होता. ज्याने सबंध गल्लीला तो फरक शिकवला तो स्वतः विसरला, हे घटकाभर मानू. विसरल्याने अडीच तास चुकतील. विमान दिवसभर उडाले. उरलेल्या तासांचे काय, हे मुख्याध्यापकांनी सांगितले नाही आणि आता सांगू शकत नाहीत.

जावयाचे म्हणणे वेगळे. मास्तरांना मिरवायची हौस होती, भरली खोली मिळाली, म्हणून बोलत सुटले. त्या दिवशी विचारल्यावाचून ते एक अक्षर बोलले नाहीत. घोटभर चहाही घेतला नाही. मिरवणारी माणसे मी शाळेच्या संमेलनांत पुष्कळ पाहिली आहेत; ती चहा सोडत नाहीत.

राहता राहिला वकील. हिशोबात कच्चा माणूस गावांचा क्रम, किनाऱ्यांची बाजू आणि डोंगरांचा रंग दिवसभर बिनचूक सांगतो आणि चुकतो फक्त वेळेत, असे त्याचे म्हणणे आहे. न्यायालयात तो याहून बरे युक्तिवाद करीत असेल अशी आशा आहे.

एवढ्यावर माणसे ऐकत नाहीत हे मला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून जे आजवर बोललो नाही ते सांगतो. मालकांची मुलगी हयात होती तोवर ते बोलणे मला शक्य नव्हते. ते तिच्या कानावर गेले असते. गेल्या माघात ती वारली.

मालक गेले त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, मुलाला दुसरी तार करायला आम्ही दोघे तार कचेरीत गेलो होतो. परतताना सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चाललो होतो. मी विचारले, ही तार रात्रीत पोचली आणि तो सकाळीच निघाला, तर वडिलांची भेट होईल का? वेळापत्रक त्यांना पाठ होते. त्यांना थांबून आठवावे लागले नाही. चालता चालताच ते म्हणाले, ‘सकाळी कसा निघेल? उद्या मंगळवार. मंगळवारी तिकडून विमानच नाही.’